मुखचूर्णाची परीक्षा

बंगळूरच्या मोठ्या दुकानांतून तोंडाला लावावयाच्या पावडरीच्या दोन प्रकारच्या डब्या शेजारी शेजारी मांडलेल्या दिसतात. एक साधी व स्वस्त. दुसरी सोनेरी झाकणाची, आत आरसा बसविलेली, कितीतरी पट महाग आणि ‘गोऱ्या त्वचेसाठी’ अशी अक्षरे मिरविणारी. घेणाऱ्याची परीक्षा बहुधा झाकण, सुवास व किंमत एवढ्यावरच आटोपते. परंतु पावडरीला काही ठराविक कामे करावयाची असतात, आणि ती कामे नीट होतात की नाही हे प्रयोगाने पाहता येते. ही परीक्षा कशी करावी आणि त्या सोनेरी अक्षरांचा खरा अर्थ कोणता, याचा विचार येथे करावयाचा आहे.

पावडरीची कामे व घटक

चांगले मुखचूर्ण खरखरीत न लागता त्वचेवर सहज पसरावे. त्याने तेल व घाम शोषून चकाकी कमी करावी. डाग काही अंशी झाकावेत. आणि ते काही तास टिकावे. एकच पदार्थ ही चारही कामे करू शकत नाही, म्हणून पावडर हे नेहमी मिश्रण असते.

बाजारात टाल्क या नावाने ओळखले जाणारे शंखजिरे हा बहुधा तिचा मुख्य घटक होय. हे मॅग्नेशियमचे जलयुक्त सिलिकेट असून अत्यंत मऊ खनिज आहे. खनिजांच्या काठिण्याच्या मापश्रेणीत त्याचा अंक 1 आहे. त्याचे सूक्ष्म पापुद्रे एकमेकांवरून घसरतात, म्हणून पावडर बोटांना गुळगुळीत लागते. केओलिन ही पांढरी माती आणि तांदळाचा स्टार्च ओलावा शोषतात. मॅग्नेशियम स्टिअरेटमुळे पावडर त्वचेला धरून राहते. झाकण्याचे काम टिटॅनियम डाय-ऑक्साइड व झिंक ऑक्साइड ही पांढरी रंगद्रव्ये करतात. छटा येते ती लोहाच्या ऑक्साइडांमुळे. गेरूला तांबडा रंग देणारा पदार्थ हाच. महाग डबी असो वा स्वस्त, घटकांची ही यादी फारशी बदलत नाही. बदलते ते त्यांचे प्रमाण, दळण आणि मिश्रणातील काळजी.

पांढरेपणा येतो कोठून?

खडीसाखरेचा स्वच्छ खडा पारदर्शक असतो. तोच कुटला की पांढरा दिसतो. साखर बदललेली नसते. कुटल्याने असंख्य पृष्ठे निर्माण होतात, प्रत्येक पृष्ठावर प्रकाश थोडाथोडा परावर्तित होतो व वळतो, आणि अखेर सर्व रंगांचा प्रकाश चोहोकडे विखुरला जातो. या विखुरण्यास प्रकीर्णन म्हणतात. पावडरीचा पांढरेपणा तो हाच.

प्रकीर्णनाच्या अभ्यासाशी बंगळूरचे नाव निगडित आहे. या विषयातील संशोधनाबद्दल 1930 साली नोबेल पारितोषिक मिळविणारे चंद्रशेखर वेंकट रामन हे 1933 साली येथील भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले, आणि 1948 साली त्यांनी याच शहरात स्वतःची संशोधन संस्था स्थापिली. त्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या परिणामात विखुरलेल्या प्रकाशाचा थोडासा अंश आपली तरंगलांबी बदलतो. खडीसाखरेच्या पांढरेपणासाठी एवढ्या सूक्ष्म बदलाची गरज नाही. मात्र त्याच परिणामाच्या साह्याने आज प्रयोगशाळेत चूर्णातील खनिजे व रंगद्रव्ये ओळखता येतात.

पाटीवरील प्रयोग

प्रकाश पदार्थात शिरताना किती वळतो हे त्याच्या वक्रीभवनांकावरून कळते. हवेचा हा अंक जवळजवळ 1, खोबरेल तेलाचा सुमारे 1.45, शंखजिऱ्याचा सुमारे 1.58, झिंक ऑक्साइडचा सुमारे 2 आणि टिटॅनियम डाय-ऑक्साइडचा 2.5 च्या वर असतो. दोन लगतच्या पदार्थांच्या अंकांत जितका फरक अधिक, तितके प्रकीर्णन अधिक.

काळ्या पाटीवर दोन्ही पावडरींची एकेक चिमूट पसरावी व प्रत्येकीवर खोबरेल तेलाचा एक थेंब टाकून बोटाने कालवावे. शंखजिऱ्याभोवती हवेऐवजी तेल आले की अंकांतील फरक घटतो, आणि तो भाग जवळजवळ नाहीसा झाल्यासारखा दिसतो. जी पांढरी झाक मागे उरते ती बहुतांशी रंगद्रव्याची असते. त्वचेवर दुपारपर्यंत हेच घडते: तेल व घाम पावडरीत मुरतात, शंखजिरे दिसेनासे होते आणि रंगद्रव्य मागे राहते. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर आहे. तेथे टिकलेली पावडर मुंबईच्या दमट हवेत तितकीच टिकेल असे नाही.

आणखी दोन कसोट्या शाळेत सहज करता येतील. आयोडीनच्या सौम्य द्रावणाचा थेंब टाकल्यावर पावडर निळी-काळी झाली, तर तीत स्टार्च आहे. लिंबाचा रस टाकल्यावर बुडबुडे आले, तर खडूसारखे कार्बोनेट आहे.

‘गोऱ्या त्वचेसाठी’ म्हणजे काय?

त्वचेचा रंग मुख्यतः मेलॅनिन या द्रव्यामुळे येतो. ते तयार करणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या व सावळ्या माणसांत जवळजवळ सारखीच असते. फरक असतो तो मेलॅनिनच्या कणांचे प्रमाण, आकार व मांडणी यांत. या पेशी बाह्यत्वचेच्या तळाशी असतात. पावडर बसते ती वरच्या मृत पेशींच्या थरावर, आणि तोंड धुताच निघून जाते. सबब कोणतीही पावडर त्वचा गोरी करीत नाही.

मग त्या अक्षरांना अर्थ एवढाच उरतो की, डबीतील छटा फिकट आहे. फिकट त्वचेवर ती मिसळून जाईल. सावळ्या त्वचेवर तोच पांढरा थर राखेसारखा, करडा दिसेल. यात उणेपणा त्वचेचा नसून निवडीचा आहे. सावळ्या मुलीने अधिक पैसे देऊन अशी डबी घ्यावी आणि आरशात पाहून स्वतःच्याच रंगाला दोष द्यावा, हे दुहेरी नुकसान होय. छटा दुकानातील दिव्याखाली न पाहता दिवसाच्या उजेडात, जबड्याच्या कडेला लावून पाहावी, आणि तासाभराने पुन्हा पाहावी.

सुवासाचे मोल

किमतीचा काही भाग सुवासाचा असतो. या बाबतीतही बंगळूरचा इतिहास बोलका आहे. पहिल्या महायुद्धामुळे म्हैसूर संस्थानच्या चंदनाची युरोपला होणारी निर्यात अडली, तेव्हा चंदनाचे तेल येथेच काढण्याचा उद्योग 1916 साली सुरू झाला. त्यातूनच पुढे प्रसिद्ध म्हैसूर चंदन साबण जन्मास आला. खरे चंदनतेल मौल्यवान आहे यात शंका नाही. परंतु सुवासाने पावडर अधिक झाकत नाही व अधिक टिकतही नाही. उलट नाजूक त्वचेस सुगंधी द्रव्यांचा कधी कधी त्रास होतो. म्हणून नवी पावडर प्रथम कोपराच्या आतील बाजूस लावून एक दिवस वाट पाहावी.

सुरक्षिततेचा विचार

पूर्वी युरोपात चेहरा पांढरा करण्यास सफेता, म्हणजे शिशाचे कार्बोनेट, वापरीत. ते विष आहे. भारतात 1940 च्या औषधविषयक कायद्याच्या कक्षेत 1962 च्या दुरुस्तीने प्रसाधने आली, आणि रंगासाठी शिसे किंवा आर्सेनिक यांची संयुगे वापरण्यास नियमांनी मनाई आहे. शंखजिऱ्याच्या खाणीत कधी कधी ॲस्बेस्टॉसही आढळते, म्हणून खनिजाची तपासणी अगत्याची असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2024 साली शंखजिऱ्यास ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात घातले. हे वर्ग पुराव्याचे बळ सांगतात, धोक्याचे प्रमाण नव्हे. तरीही पावडरीचा धुरळा उडवू नये, आणि तान्ह्या मुलाजवळ तर मुळीच नाही, कारण श्वासाबरोबर तो फुप्फुसात जातो.

निर्णय कसा करावा?

प्रथम डबीवरील मजकूर वाचावा. 2020 च्या प्रसाधन नियमांप्रमाणे एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. दोन डब्यांच्या याद्या समोरासमोर ठेवल्या की पुष्कळसा उलगडा होतो. नंतर दुसऱ्या कोणाकडून दोन्ही पावडरी सारख्या कागदी पुड्यांत भरून घ्याव्यात व त्यांवर फक्त ‘अ’ आणि ‘ब’ लिहवून घ्यावे. एक डाव्या गालावर, दुसरी उजव्या गालावर लावून स्पर्श, छटा, चकाकी व टिकाऊपणा यांना गुण द्यावेत. पुड्यांची ओळख गुण देऊन झाल्यावरच विचारावी. असे तीन-चार जणांनी, निरनिराळ्या दिवशी करावे.

महाग पावडर अधिक बारीक दळलेली व अधिक एकजीव असू शकते. तसे असेल तर नाव झाकूनही तिला अधिक गुण मिळतील, आणि मग तिची किंमत द्यावी की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. गुण सारखेच पडले, तर जादा पैसे सोनेरी झाकणाचे आहेत एवढे निश्चित समजावे.