तळाच्या संघाने पहिला गडी कोणता घ्यावा? : वादविवादाचा एक पाठ (इयत्ता ८ वी व ९ वी)



वादविवादाचा तास म्हटला की आपल्याकडे विषय ठरलेले. 'मोबाईल शाप की वरदान', 'गृहपाठ असावा की नसावा'. मुलं घरून लिहून आणलेलं पाठ म्हणून दाखवतात, टाळ्या पडतात, आणि तास संपला तरी एकाही मुलाचं मत तसूभर हललेलं नसतं. हलणार कसं? त्या विषयात कुणाचं काही पणालाच लागलेलं नसतं. वादविवादाला असा प्रश्न हवा की ज्यात एक गोष्ट घेतली तर दुसरी हातची जाते.

सातारा-सांगलीकडच्या मुलांसाठी मला असा प्रश्न खेळाच्या मैदानावर सापडला. तो फळ्यावर असा लिहा:

"सहा संघांच्या खो-खो लीगमध्ये आपला संघ शेवटचा आला. पुढच्या हंगामासाठी खेळाडू निवडताना पहिली पाळी आपली आहे. कुणाला घ्याल?"

खाली चार पर्याय द्या. एक, आजच्या घडीला सगळ्यात नावाजलेला खेळाडू, वय तीस. दोन, सतरा वर्षांचा मुलगा, पायात विलक्षण वेग, पण मोठ्या सामन्याचा अनुभव शून्य. तीन, फारसं नाव नसलेला पण खात्रीचा संरक्षक, कारण आपला संघ संरक्षणातच मार खातोय. चार, ही पाळीच दुसऱ्या संघाला देऊन टाकायची आणि बदल्यात त्यांच्या पुढच्या दोन पाळ्या घ्यायच्या.

चौथा पर्याय ऐकून मुलं आधी हसतात. "पहिली पाळी कोण सोडतं सर?" असं हमखास येतं. हसू द्या. तासाच्या शेवटी त्याच पर्यायाच्या बाजूला बरीच मुलं गेलेली असतात.

आता पार्श्वभूमी, म्हणजे तुम्हाला वर्गात सांगता येईल. क्रिकेट आणि कबड्डीमुळे आपल्याला लिलाव माहीत आहे. ज्याची बोली मोठी त्याचा खेळाडू. 'ड्राफ्ट' ही पद्धत वेगळी. तिथे पैसा बोलत नाही, पाळी बोलते. खेळाडूंचे मानधनाचे गट आधीच ठरलेले असतात आणि संघ आळीपाळीने नाव घेतात. आपल्याकडे अल्टिमेट खो-खो लीगने ही पद्धत वापरली. पहिला हंगाम २०२२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पुण्याच्या बालेवाडीत झाला, सहा संघ होते. अंतिम सामना ओडिशा जगरनॉट्सने तेलुगू योद्धाजविरुद्ध ४६-४५ असा एका गुणाने जिंकला आणि त्यात निर्णायक ठरला तो सूरज लांडे याने मारलेला आकाशीय सूर. सूरज आपल्या सांगलीचा. हे वर्गात सांगा आणि मुलांचे चेहरे बघा.

तळाच्या संघाला पहिली पाळी द्यायची कल्पना अमेरिकेतल्या फुटबॉलची. तिथे १९३६ मध्ये पहिला ड्राफ्ट झाला, उलट्या क्रमाने, म्हणजे सगळ्यात हरलेला संघ आधी. हेतू चांगला होता : श्रीमंत संघच कायम जिंकत राहू नयेत. गंमत अशी की त्या पहिल्यावहिल्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला जे बरवांगर व्यावसायिक लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. पैशाचं जमलं नाही आणि त्याने दुसरा मार्ग धरला.

पण आपल्या मुलांना यातलं काही परकं वाटत नाही, कारण आपल्या गल्लीत याहून जुनी पद्धत आहे. दोन कप्तान उभे राहतात. बाकीची पोरं सारख्या ताकदीच्या जोड्या लावून बाजूला जातात, कानात कुजबुजून नावं ठरवतात आणि येऊन विचारतात, "आंबा पाहिजे की चिंच?" कप्तानाला कुठलं नाव कुणाचं ते माहीत नसतं. दोघांपैकी कुणीही आलं तरी संघ समतोलच राहतो. गडी वाटून घेण्याची ही पद्धत कुणी शोधली कोण जाणे, पण मला ती ड्राफ्टपेक्षा सरस वाटते. तिच्यात कुणी शेवटचा उरत नाही.

गणिताच्या शिक्षकांनी इथे पाच मिनिटं मागून घ्यावीत. सहा संघ, दोन फेऱ्या. सरळ क्रमाने गेलो तर पहिल्या संघाला १ ली आणि ७ वी पाळी, बेरीज ८. शेवटच्या संघाला ६ वी आणि १२ वी, बेरीज १८. आता दुसरी फेरी उलटी फिरवा, नागमोडी. पहिल्याला १ आणि १२, शेवटच्याला ६ आणि ७. दोघांचीही बेरीज १३! मुलं खूश होतात, झालं समान म्हणतात. मग विचारा, "१ ला आणि १२ वा मिळून खरंच ६ वा आणि ७ वा यांच्याबरोबर होतात का?" यादीतला पहिला खेळाडू बाकीच्यांपेक्षा फार वरचा असेल तर नाही होत. पहिले आठ-दहा जण उन्नीस-बीसच असतील तर मात्र ६ वा आणि ७ वा घेणारा फायद्यात. म्हणजे पाळीची किंमत पाळीत नाही, यादीत आहे. हे एकदा कळलं की चौथा पर्याय कुणाला हास्यास्पद वाटत नाही.

आता पुरावे. वादविवादात नुसतं "मला वाटतं" चालत नाही, म्हणून मी गटांना घटनांच्या चिठ्ठ्या वाटतो आणि प्रत्येक चिठ्ठी दोन्ही बाजूंना देतो. एकाच घटनेतून दोन उलट निष्कर्ष निघतात हे मुलांना पहिल्यांदा इथे दिसतं.

पहिली चिठ्ठी स्मृती मानधनाची. सांगलीत वाढलेली ही मुलगी १३ फेब्रुवारी २०२३ ला महिला प्रीमियर लीगच्या पहिल्या लिलावात सर्वांत आधी पुकारली गेली. बेंगळुरूने तिला ३ कोटी ४० लाखांना घेतलं. संघाकडे एकूण होते १२ कोटी. (शेकडेवारी काढायला लावा, सुमारे २८ टक्के येते.) पहिल्या वर्षी काय झालं? संघ पहिले पाचही सामने हरला, आठपैकी दोन जिंकला, पाच संघांत चौथा आला. स्मृतीच्या धावा आठ डावांत १४९. त्या महिन्यात लोक काय काय बोलत होते ते पालकांना आठवत असेल. आणि पुढच्याच वर्षी, १७ मार्च २०२४ ला, तिच्याच नेतृत्वाखाली तोच संघ दिल्लीला आठ गडी राखून हरवून विजेता झाला.

'तारा घ्या' म्हणणारा गट इथे टाळ्या वाजवतो. पण थांबा. त्या अंतिम सामन्यात चार बळी घेतले श्रेयांका पाटीलने. एलिमिनेटरमध्ये मुंबईविरुद्ध शेवटचं षटक टाकून सामना वाचवला आशा शोभनाने. या दोघींना संघाने पहिल्या लिलावात प्रत्येकी १० लाखांत घेतलं होतं. आता सांगा, विजय ३ कोटी ४० लाखांचा की १० लाखांचा? नववीच्या एका मुलीने यावर दिलेलं उत्तर मी वहीत टिपून ठेवलंय : "सर, पहिल्या वर्षी पण त्या तिघी होत्याच की. मग मधल्या वर्षात काय झालं ते विचारा." मला तरी याहून चांगला प्रतिप्रश्न सुचत नाही.

दुसरी चिठ्ठी प्रो कबड्डीतली, पवन सेहरावतची. २०२२ मध्ये तमिळ थलैवाजने त्याला २ कोटी २६ लाखांना घेतलं. पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावला आणि हंगाम संपला. संघ बुडायला हवा होता, पण तरण्या पोरांच्या जिवावर तो प्रथमच उपांत्य फेरीत पोचला. पुढच्या हंगामात तेलुगू टायटन्सने पवनला २ कोटी ६० लाख ५० हजार दिले. पवन चांगलाच खेळला, तरीही टायटन्स २२ पैकी फक्त २ सामने जिंकून शेवटचे आले. यात पवनचा दोष नाही हे मुलांना आवर्जून सांगा. कबड्डीत चढाईपटू गुण आणतो, पण पकडीच गळक्या असतील तर एका बाजूने भरलेलं दुसऱ्या बाजूने वाहून जातं.

तिसरी पुणेरी पलटणची. पहिल्या दोन्ही हंगामांत हा संघ तळाला होता. पुढे २०२१-२२ मध्ये त्यांनी अस्लम इनामदार आणि मोहित गोयत या नवख्या चढाईपटूंना भरपूर खेळवलं. त्यानंतरच्या हंगामात उपविजेतेपद आणि १ मार्च २०२४ ला हरयाणाला २८-२५ हरवून विजेतेपद, कप्तान अस्लमच. 'तरुण घ्या' गट लगेच उड्या मारतो. पण त्याच विजेत्या संघात २ कोटी ३५ लाखांचा इराणी बचावपटू शादलुईही होता. तारा आला, मात्र घर बांधून झाल्यावर. माझं मत विचाराल तर मी या चिठ्ठीच्या बाजूने आहे. तळाच्या संघाने आधी माणसं जमवावीत, मग नाव घ्यावं. पण मी हे वर्गात शेवटपर्यंत सांगत नाही. तुम्हीही सांगू नका, नाहीतर सगळी मुलं सरांच्या बाजूने जातील आणि वाद संपेल.

वाद चालू असताना शिक्षकाने दोनच प्रश्न हातात ठेवावेत. "संघ तळाला का आला?" आणि "तुम्हाला जिंकायचंय कधी, यंदा की तीन वर्षांनी?" बहुतेक भांडण या दोन प्रश्नांवरच असतं, खेळाडूवर नसतंच. संघाचे तीन चांगले खेळाडू दुखापतीमुळे बाहेर होते म्हणून तो हरला असेल, तर तीस वर्षांचा नावाजलेला गडी बरोबर ठरतो. संरक्षण कधीच नव्हतं म्हणून हरला असेल, तर आक्रमणातला वेगवान पोरगा घेऊन काय उपयोग?

आता पालकांसाठी आणि माझ्यासारख्या शाळेचा संघ निवडणाऱ्यांसाठी थोडं वेगळं बोलतो.

तालुका स्पर्धा तोंडावर आली की आपणही हेच करतो. चौदा वर्षांखालचा संघ निवडताना डोळा आधी जातो तो उंच, दांडग्या मुलाकडे. एकाच वयोगटात जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला यांच्यात अकरा महिन्यांचं अंतर असतं, आणि त्या वयात अकरा महिने म्हणजे मिशी फुटलेला आणि न फुटलेला एवढा फरक. यंदा जिंकायचं तर दांडगा मुलगा घ्या, हिशोब साधा आहे. पण शाळा म्हणजे लीगचा संघ नव्हे. आपल्याला मालक नाही, हंगामाचा ताळेबंद नाही. मग तीन वर्षांनंतरचं उत्तर आपणच टाळायचं?

माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर शाळेत खो-खो खेळायची. ती २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. फलटण तालुक्यातल्या सरड्याचा प्रवीण जाधव, मजुरी करणाऱ्या आईवडिलांचा मुलगा, जिल्हा परिषद शाळेतून धावपटू म्हणून पुढे आला. क्रीडा प्रबोधिनीत त्याच्या हातात धनुष्य आलं आणि तो टोकियो ऑलिंपिकला गेला. पहिल्या निवडीच्या दिवशी या दोघांना जे पाहून घेतलं, ते पुढे जाऊन झालेच नाहीत. झाले ते वेगळंच. पहिली पाळी वापरताना आपण आज दिसणारी गोष्ट निवडतो. मूल वाढतंय हे त्या यादीत कुठल्या रकान्यात लिहायचं?

म्हणून माझी पद्धत अशी : पंधरा जणांच्या यादीत दोन जागा मी आज न जिंकवणाऱ्या मुलांसाठी ठेवतो. याबद्दल पालक येऊन भांडलेही आहेत. "आमचा पोरगा त्याच्यापेक्षा बरा खेळतो, मग बाहेर का?" त्यांचा मुद्दा खोटा नसतो. बाहेर राहिलेल्या मुलाचं वर्षही परत येत नाही. मी त्यांना फळ्यावरचा प्रश्न विचारतो आणि ऐकून घेतो. एकदोन पालकांनी मला त्या वादात हरवलंय, आणि त्या वर्षी दोनाऐवजी एकच जागा ठेवली.

तासाची विभागणी : दोन तासिका लागतात, एकात उरकू नका. पहिलीत प्रश्न, गणित आणि चिठ्ठ्यांचं वाचन. मधल्या दिवशी गटांनी घरी चर्चा करून यावी. दुसरीत वाद. मध्यावर शिट्टी वाजवून बाजू बदलायला लावा. आत्तापर्यंत जे बोललात त्याच्या विरुद्ध बोला म्हटलं की गोंधळ उडतो, पण खरं ऐकणं तिथूनच सुरू होतं. गुण द्यायचेच असतील तर आवाजाला आणि हातवाऱ्यांना कमी द्या, समोरच्याचा मुद्दा स्वतःच्या शब्दांत नीट मांडणाऱ्याला जास्त.

गृहपाठात निबंध नको. प्रत्येकाने संघमालकाला दहा ओळींचं पत्र लिहावं : आपण निवडलेला खेळाडू, आणि सोडून दिलेल्यांपैकी कुणाची सर्वांत जास्त हळहळ वाटली ते. दुसरा भाग न लिहिलेली पत्रं मी परत करतो.