रिमांड होममधला विद्यार्थी



३१ जानेवारी हा संत जॉन बॉस्को ह्यांचा सण. ह्या दिवशी शाळकरी मुलांसाठी मिस्सा होते, युवकांचे सामने होतात आणि संतांच्या चरित्रातली एक गोष्ट हमखास सांगितली जाते. इटलीतील तुरीन शहरात ‘जनराला’ नावाचे मुलांचे बंदीगृह होते. १८५५ साली डॉन बॉस्कोंनी तिथल्या मुलांची रिट्रीट घेतली आणि ती संपल्यावर मंत्री रताझी ह्यांच्याकडून परवानगी मिळवून तीनशेहून अधिक मुलांना स्तुपिनीजी येथे दिवसभराच्या सहलीला नेले. बरोबर एकही पहारेकरी नव्हता. संध्याकाळी सगळी मुले परत आली, एकही पळाला नाही, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

गोष्ट सुंदर आहे. पण आम्हांला नेहमी वाटते की आपण ती अर्ध्यावर सोडतो. सहल एका दिवसाची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलांचे काय झाले? हा प्रश्न डॉन बॉस्कोंना फार आधी पडला होता. १८४१ साली नवे धर्मगुरू म्हणून ते तुरीनला आले, तेव्हा फादर जोसेफ काफास्सो (तेही पुढे संत झाले) त्यांना तुरुंगात घेऊन जात. बारा ते अठरा वर्षांची धडधाकट, चलाख मुले तिथे नुसती बसून असलेली त्यांनी पाहिली. आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. सुधारण्याचा निश्चय करून बाहेर पडलेली मुले थोड्याच दिवसांत परत आत येत होती, कारण बाहेर त्यांना कोणी नव्हते. पुढे डॉन बॉस्कोंनी जे उभे केले त्यात रात्रीचे वर्ग होते, चांभारकाम, शिवणकाम, सुतारकाम आणि छपाई शिकवणारे कारखाने होते. त्यांच्या प्रदेशात मीटर-किलोची नवी मापे येणार होती, तेव्हा साध्या कामकरी माणसाला ती समजावीत म्हणून १८४९ साली त्यांनी एक छोटे पुस्तकही लिहिले. संताने अंकगणिताचे पुस्तक लिहावे, हे आम्हांला सहलीइतकेच मोठे वाटते.

आज आपण ह्याच विषयाचा थोडा अभ्यास करणार आहोत. कायद्याच्या कचाट्यात सापडून जी मुले आत राहतात, त्यांच्या शाळेचे काय होते?

प्रथम शब्द नीट समजून घेऊ. आपण सरसकट ‘रिमांड होम’ किंवा ‘बालसुधारगृह’ म्हणतो. २०१५ चा बाल न्याय अधिनियम १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. त्यात अशा मुलाला ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हटले आहे. त्याची चौकशी चालू असताना त्याला ठेवतात ते निरीक्षणगृह. चौकशीअंती दोष सिद्ध झाला आणि बाल न्याय मंडळाने तसा आदेश दिला, तर जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवतात ते विशेष गृह. मुंबईतले डोंगरीचे ‘रिमांड होम’ हे निरीक्षणगृह आहे. ते चालवणारी चिल्ड्रन्स एड सोसायटी १९२७ साली स्थापन झाली. त्याच्याही आधी, १८५७ साली, मुंबईत ससून कुटुंबाच्या देणगीतून अशा मुलांना हातकाम शिकवणारी संस्था सुरू झाली होती. आज ती माहीमला डेव्हिड ससून इंडस्ट्रियल स्कूल म्हणून ओळखली जाते. म्हणजे ह्या मुलांना कोंडून न ठेवता शिकवावे, हा विचार आपल्याकडे नवा नाही.

कायद्यात तो स्पष्ट लिहिलेला आहे. नोंदणीकृत गृहांनी जेवण, कपडे, औषधपाणी ह्यांच्याबरोबर मुलाच्या वयाला व गरजेला साजेसे शिक्षण आणि व्यवसाय-कौशल्ये द्यायची आहेत. २०१६ च्या आदर्श नियमांत नेहमीची शाळा, ब्रिज वर्ग, मुक्त शाळा, अनौपचारिक वर्ग असे सगळे मार्ग सांगितले आहेत. कागदावर कमतरता नाही. मग अडते कुठे?

हे समजण्यासाठी आपण एका दुसऱ्या संताकडे जाऊ. संत ऑगस्टिन ह्यांनी आपल्या ‘कन्फेशन्स’मध्ये वयाच्या सोळाव्या वर्षाची हकिकत लिहिली आहे. ते मदौरा ह्या गावी शिकत होते. पुढच्या शिक्षणासाठी कार्थेजला पाठवायचे ठरले, पण वडिलांजवळ पुरेसे पैसे नव्हते. पैसे जमेपर्यंत मुलगा घरी बसला. हाच तो काळ, जेव्हा एका रात्री मित्रांच्या टोळक्याबरोबर त्यांनी शेजारच्या झाडाची नासपती चोरली. भूक नव्हती. फळेही काही फार चांगली नव्हती, बहुतेक डुकरांपुढे टाकली. पुढे हिप्पोचे महागुरुस्वामी झालेल्या ऑगस्टिननी त्या चोरीवर पानेच्या पाने लिहिली आणि स्वतःशी कबूल केले की एकटा असतो तर मी हे केले नसते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना हा उतारा पापाच्या स्वरूपावरचे चिंतन म्हणून अभ्यासला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यातला साधा तपशील नजरेतून निसटतो. मुलगा सोळा वर्षांचा होता, हुशार होता आणि शाळेबाहेर होता. आज आपल्या देशात पकडल्या जाणाऱ्या अल्पवयीनांपैकी चारांतले तीन किंवा त्याहून अधिक सोळा ते अठरा वर्षांचे असतात. ऑगस्टिन आज आपल्याकडे पकडले गेले असते, तर बाल न्याय मंडळापुढे उभे राहिले असते. पुढे वडील वारल्यावर रोमानियानस नावाच्या गावच्या एका श्रीमंत गृहस्थाने त्यांच्या शिक्षणाचा भार उचलला. संत मोनिकेचे अश्रू आपण सर्वांना सांगतो. रोमानियानसच्या पैशाचा उल्लेख सहसा कोणी करत नाही.

आता आपल्याकडचा एक मुलगा डोळ्यांसमोर आणा. समजा, तो नववीत आहे आणि मारामारीच्या किंवा मोबाईलचोरीच्या प्रकरणात फेब्रुवारी महिन्यात पकडला गेला आहे. कायद्याचा कल मुलाला घरी सोडण्याकडे आहे. गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, सोडल्याने त्याचेच नुकसान होईल अशी ठोस कारणे नसतील तर त्याला जामीन मिळायला हवा. तरीही ज्याला न्यायला कोणी येत नाही, ज्याचे घर दूरच्या राज्यात आहे किंवा ज्याच्या घराचाच भरवसा नाही, तो मागे राहतो. चौकशी चार महिन्यांत संपवावी असा नियम आहे, फार तर आणखी दोन महिने मिळतात. चार महिने आपल्याला थोडे वाटतात. नववीतल्या मुलाला ते वार्षिक परीक्षेला मुकवतात.

आत गेल्यावर त्याला वर्ग मिळतो. पण त्या वर्गात एक मुलगा अक्षरओळख नसलेला, दुसरा दहावीचा, तिसरा उर्दू माध्यमाचा, चौथ्याला फक्त बंगाली येते. शिवाय उद्या कोण असेल हे शिक्षकालाही ठाऊक नसते. कुणाला आज जामीन झाला, कुणी आज आला. अशा वर्गात अपूर्णांकाचा धडा सुरू करायचा तो कोणाच्या भरवशावर? मग चित्रे रंगवणे, कॅरम, टीव्ही, योगासने ह्यांवर दिवस जातो. शिक्षकांना दोष देणे सोपे आहे, पण आम्ही तो देणार नाही. काही आठवड्यांसाठी येणाऱ्या मुलांना वर्षभराचा अभ्यासक्रम शिकवता येत नाही. त्यांना त्याच दिवशी पुरा होणारा पाठ द्यावा लागतो आणि प्रत्येकाची एक वही ठेवावी लागते, जी तो जाताना बरोबर नेईल. मुलगा आल्याच्या पहिल्याच आठवड्यात त्याच्या शाळेशी बोलून तो कुठपर्यंत शिकला आहे ते विचारले, तर अर्धे काम होते.

इथे कोणी म्हणेल, ‘फादर, गुन्हा केला तर थोडी शिक्षा नको का?’ प्रश्न रास्त आहे. आपल्या मराठीची गंमत अशी की ‘शिक्षण’ आणि ‘शिक्षा’ हे शब्द एकाच धातूपासून आले आहेत, आणि आपण दुसऱ्याचा अर्थ दंड असा करून टाकला. तर्काने विचार करू. निरीक्षणगृहातल्या मुलाने गुन्हा केला की नाही हे अजून ठरायचे आहे. कायदा तर त्याच्या मनात दुष्ट हेतू नव्हता असेच गृहीत धरून सुरुवात करतो. मग निर्णयाआधीच त्याचे वर्ष बुडाले तर ती कोणत्या अपराधाची शिक्षा? दोष सिद्ध होऊन तो विशेष गृहात गेला, तरी मंडळाने त्याचे स्वातंत्र्य काही काळ मर्यादित केलेले असते. बीजगणित काढून घेण्याचा आदेश कोणी दिलेला नसतो.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. ‘आमची सरळ वागणारी मुले क्लासची फी भरून शिकतात, आणि ह्यांना सगळे फुकट?’ ज्याच्या घरी चोरी झाली, ज्याच्या मुलाला मार बसला, त्याने हे विचारले तर आम्ही त्याच्याशी वाद घालणार नाही. त्याचे दुःख खरे आहे आणि त्याचीही विचारपूस आपण करायला हवी. एवढेच सांगू की तो मुलगा पुन्हा त्याच गल्लीत राहायला येणार आहे. त्याच्या हातात दहावीचे प्रमाणपत्र असले तर आयटीआयच्या बहुतेक ट्रेडना अर्ज करता येतो. ते नसले, तर ज्या टोळक्याबरोबर तो पकडला गेला, ते टोळके कोणताच दाखला मागत नाही.

शेवटच्या न्यायाच्या दाखल्यात प्रभू येशूने बंदिवासात असलेल्यांना भेटणे म्हणजे स्वतःला भेटणे असे सांगितले आहे (मत्तय २५). पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१३ च्या पवित्र गुरुवारी रोमच्या कासाल देल मार्मो ह्या अल्पवयीनांच्या तुरुंगात जाऊन बारा जणांचे पाय धुतले. त्यांत दोन मुली होत्या आणि ख्रिस्ती नसलेलेही होते. दहा वर्षांनी, २०२३ साली, ते पुन्हा तिथे गेले. भेटीला जाणे चांगलेच. आपल्यातले निवृत्त शिक्षक, धर्मभगिनी, महाविद्यालयीन युवक निरीक्षणगृहात शिकवायला जाऊ इच्छित असतील तर त्यांनी तेथील अधीक्षकांची रीतसर लेखी परवानगी घ्यावी, ठरलेल्या दिवशी न चुकता जावे आणि फोटो काढू नयेत. मुलाचे नाव, पत्ता, शाळा उघड होईल असे काहीही छापणे हा गुन्हा आहे, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आपले हे साप्ताहिक पत्रकही त्यातून सुटत नाही. मिस्सातील श्रद्धावंतांच्या प्रार्थनेतही कुणाचे नाव घेऊ नये.

परंतु खरी परीक्षा आतल्यापेक्षा बाहेर आहे, आणि तिथे आपला थेट संबंध येतो, कारण आपल्या चर्चच्या शाळा आहेत. मुलगा सुटून येतो आणि बाप त्याला घेऊन मुख्याध्यापकांच्या दाराशी उभा राहतो. आठवीपर्यंत शिक्षणहक्क कायदा त्याच्या पाठीशी आहे, शाळा त्याला काढून टाकू शकत नाही. नववी-दहावीला ते कवच नाही. तिथे हजेरी भरत नाही, पटावरून नाव कमी झालेले असते, पालकसभेत कुजबुज सुरू होते. इतर मुलांच्या काळजीने पालक बोलत असतील तर त्यांचे ऐकून घ्यावे, पण त्यासाठी ह्या मुलाला बाहेर ठेवावे लागत नाही. परिविक्षा अधिकाऱ्याशी बोलून, एका समजूतदार शिक्षकावर त्याची जबाबदारी सोपवून मार्ग निघतो. वर्गात बसणे खरोखरच शक्य नसेल तर राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म आहे, राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे. मात्र १७ नंबरच्या फॉर्मला शाळा सोडल्याचा दाखला लागतो, म्हणजे फिरून आपल्याच शाळेच्या कार्यालयात यावे लागते.

त्या दाखल्यावर ‘वर्तणूक’, ‘शाळा सोडल्याचे कारण’ आणि ‘शेरा’ असे रकाने असतात. स्वातंत्र्य काढून घेतलेल्या मुलांच्या संरक्षणासाठी संयुक्त राष्ट्रांनी १४ डिसेंबर १९९० रोजी जे नियम स्वीकारले, त्यांत म्हटले आहे की बंदिवासात मिळवलेल्या प्रमाणपत्रावर मुलगा तिथे होता ह्याची कसलीही खूण असू नये. आपला कायदाही सांगतो की प्रौढ म्हणून खटला चाललेली गंभीर प्रकरणे सोडली, तर अशा मुलाला पुढे त्या कारणाने कशालाच अपात्र ठरवता येत नाही आणि ठरावीक मुदतीनंतर त्याची नोंद नष्ट करायची असते. सरकारी नोंद नष्ट होईल आणि आपल्या कारकुनाने शेऱ्यात लिहिलेली एक ओळ मात्र जन्मभर त्याच्या फाईलमध्ये राहील. आपल्या शाळांच्या व्यवस्थापन समित्यांनी हा विषय मार्चच्या सभेत घ्यावा, ह्या तीन रकान्यांत काय लिहायचे आणि परत आलेल्या मुलाला कोणत्या वर्गात बसवायचे हे लेखी ठरवावे, म्हणजे मे महिन्यात दाराशी आलेल्या बापाला ‘पुढच्या आठवड्यात या’ असे सांगण्याची पाळी कार्यालयावर येणार नाही.