घराचे ऋतुमान

मनुष्य घर बांधतो, ते केवळ डोक्यावर छप्पर असावे म्हणून नव्हे. उन्हाळ्यात गारवा, पावसाळ्यात कोरडेपणा आणि हिवाळ्यात ऊब असे तिहेरी दान तो आपल्या घराकडे मागत असतो. हे दान देणे घराला नेहमीच सोपे नसते. विदर्भाचेच उदाहरण घ्या. नागपूर, अकोला, चंद्रपूर या भागांत ऐन उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्याही वर चढतो; आणि त्याच नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी तो ३.५ अंशांपर्यंत खाली उतरला होता. एवढा फरक एकाच घराने सोसावयाचा, तर त्यात राहणाऱ्यांनीही ऋतूचा रोख ओळखून वागले पाहिजे.

उष्णता घरात शिरते ती तीन वाटांनी. तापलेल्या भिंतीतून ती कणाकणाने आत सरकते. हे झाले वहन. उघड्या दारा-खिडक्यांतून तापलेल्या हवेबरोबर ती आत येते, हे अभिसरण. आणि सूर्याचे किरण जेथे पडतील, तेथे ती मधल्या हवेला न तापविताही पोहोचते, हे प्रारण. उन्हाळ्यात या तीन वाटा अडविणे आणि हिवाळ्यात घरातील ऊब याच वाटांनी बाहेर जाऊ न देणे, हेच घर सांभाळण्याचे मर्म होय.

सूर्यही वर्षभर एकाच मार्गाने जात नाही. जून महिन्यात नागपुरात भर दुपारी तो जवळजवळ डोक्यावर असतो. त्यामुळे उन्हाचा सर्वांत मोठा मारा छपरावर होतो. सकाळी पूर्वेची आणि दुपारनंतर पश्चिमेची भिंत तापते. दक्षिणेच्या भिंतीला मात्र फारसे ऊन लागत नाही. डिसेंबरात हाच सूर्य दुपारीदेखील दक्षिणेच्या क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवरच असतो. त्याचे तिरपे किरण दक्षिणेच्या खिडकीतून थेट घरात येतात. म्हणून दक्षिणेकडील खिडकीवर बेताचे छज्जे असले, की ते उन्हाळ्याचे ऊन अडवितात आणि हिवाळ्याचे ऊन आत येऊ देतात.

जुन्या कारागिरांनी हे सारे अनुभवाने जाणले होते. मराठवाड्यातील माळवदाची घरे पाहा. त्यांच्या भिंती जाड, मातीच्या वा दगडामातीच्या असतात. छप्परही लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर देऊन केलेले असते. दुपारची उष्णता अशा भिंतीतून इतकी सावकाश सरकते, की ती आतल्या बाजूस पोहोचेपर्यंत सूर्य मावळून जातो. मग रात्री दारे-खिडक्या उघडली, की गार वारा ती उष्णता बाहेर नेतो. कोकणात याच्या उलट व्यवस्था दिसते. तेथे दिवसरात्रीच्या उष्णतेत फार अंतर नसते. त्रास असतो तो दमटपणाचा आणि मुसळधार पावसाचा. म्हणून तेथील छपरे उतरती व कौलारू, पुढे ओटी, भोवती पडवी आणि हवा खेळती राहील अशी मांडणी. एका प्रदेशाचे शहाणपण दुसऱ्या प्रदेशात जसेच्या तसे चालत नाही, हे यावरून ध्यानात येईल.

होळी पेटली, की उन्हाळ्याची तयारी सुरू व्हावी. गच्चीवर किंवा छपरावर चुन्याचा पांढरा हात द्यावा. पांढरा पृष्ठभाग बरेचसे ऊन परत फेकतो, काळपट पृष्ठभाग ते शोषून घेतो. दिवस चढू लागताच दारे-खिडक्या लावून पडदे ओढावेत आणि बाहेरची हवा निवल्यावर ती पुन्हा उघडावीत. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडण्याची रीत जुनी आहे. आजचा कूलर ही तिचीच सुधारलेली आवृत्ती होय. पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता शोषून घेते. म्हणूनच माठातील पाणी थंड होते आणि ओल्या ताटीतून आलेला वारा गार लागतो. परंतु कूलर लावलेली खोली बंद ठेवू नये. आलेल्या दमट हवेला बाहेर जाण्यास वाट हवी. ती नसेल तर गारवा न लाभता अंग चिकट होते. कूलरच्या टाकीत पाणी भरताना किंवा त्याला हात लावताना विजेचे बटण बंद करून प्लग काढून ठेवावा. ओल्या हाताने केलेली घाई जिवावर बेतते.

वातानुकूलन यंत्राची गोष्ट निराळी. ते खोलीतील उष्णता नाहीशी करीत नाही, तर उचलून बाहेर टाकते. आतल्याला मिळालेला गारवा बाहेरच्या गल्लीला अधिक तापवितो. त्यामुळे त्याचा उपयोग बेतानेच करणे इष्ट.

उष्णतेकडे दुर्लक्ष केल्यास काय होते, हे अहमदाबाद शहराने अनुभवले आहे. मे २०१० मध्ये तेथे पारा ४६.८ अंशांपर्यंत गेला आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ अधिक माणसे मरण पावली. या आघातातून ते शहर शिकले. २०१३ साली तेथे उष्णतेपासून बचावाची योजना आखण्यात आली. लोकांना आधी सूचना देणे, पिण्याच्या पाण्याची सोय करणे, रुग्णालये सज्ज ठेवणे असे उपाय तीत होते. २०१७ साली गरीब वस्त्यांतील घरांची छपरे पांढरी करण्याचा उपक्रमही तेथे हाती घेण्यात आला. पत्र्याच्या घरात राहणाऱ्यांना याचे महत्त्व सांगावे लागत नाही. पातळ पत्रा ऊन लागताच तापतो आणि ती सारी उष्णता खाली बसलेल्या माणसांवर ओततो. अशा वेळी नुसता पंखा पुरत नाही. भोवतालची हवाच शरीराहून अधिक तापलेली असेल, तर पंखा तीच हवा अंगावर आणतो. ओल्या फडक्याने अंग पुसावे, वरचेवर पाणी प्यावे आणि वृद्धांना व तान्ह्या मुलांना सावलीच्या, वाऱ्याच्या जागी न्यावे.

मृगाचा पाऊस कोसळला, की घराचा कारभार बदलतो. हवाच ओली झाल्यावर पाण्याची वाफ होणे मंदावते आणि कालपर्यंत गारवा देणारा कूलर निरुपयोगी ठरतो. तेव्हा त्याची टाकी रिकामी करून, घासून, कोरडी करून ठेवावी. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा प्रसार करणारे डास वाढतात. कूलर वापरात असतानाही आठवड्यातून एकदा त्याचे पाणी पूर्ण बदलले पाहिजे. पावसाने उघडीप दिली, की खिडक्या उघडून घराला वारा आणि अंथरुणांना ऊन द्यावे.

दिवाळीनंतर थंडी पडू लागते. आता जे ऊन वैशाखात वैरी होते, तेच मित्र बनते. दक्षिणेच्या खिडक्यांचे पडदे दिवसा बाजूला सारावेत आणि सूर्य कलला, की खिडक्या लावाव्यात. गोधडी स्वतः ऊब निर्माण करीत नाही. तिच्या थरांत कोंडलेली हवा उष्णतेची मंदवाहक असल्यामुळे शरीराची ऊब शरीरापाशीच राहते. ज्यांच्याकडे गोधडी नाही ते शेकोटीचा आधार घेतात. मात्र बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपणे अत्यंत घातक असते. तीतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा घेतो आणि झोपलेल्या माणसाला धोक्याची जाणीवही होत नाही. शेगडी विझवून बाहेर ठेवल्यावरच निजावे, हा नियम घरातील प्रत्येकाने पाळला पाहिजे.

घराचे ऋतुमान सांभाळण्यास पैसा लागतोच असे नाही. लक्ष मात्र लागते. कोणती खिडकी केव्हा उघडावी आणि केव्हा लावावी, हे बारा वर्षांचे मूलही ठरवू शकते. आपल्या घराची अशी काळजी घेतल्यावर शेजारच्या पत्र्याच्या खोलीत एकटी राहणारी आजी दुपारी कशी आहे, हे पाहून येणे आणि तिला तांब्याभर गार पाणी नेऊन देणे, हाही त्याच विद्येचा भाग होय.

स्वाध्याय

१. उन्हाळ्यात छप्पर सर्वाधिक का तापते?
२. कूलर विदर्भात उपयोगी पडतो. परंतु पावसाळ्यात का पडत नाही?
३. माळवदाचे घर आणि कोकणातील घर यांच्या रचनेतील फरक कारणांसह लिहा.
४. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपणे घातक का असते?
५. आपल्या घराच्या कोणत्या भिंतीवर सकाळी, दुपारी व सायंकाळी ऊन पडते, याची आठवडाभर नोंद ठेवा.