थंडीत सुरू न होणारी जुनी मोटार : दोष ओळखण्याची रीत

कार्ब्युरेटर असलेली जुनी मोटार अथवा जीप थंडीच्या पहाटे सुरू झाली नाही, म्हणजे चालक चोक ओढून अ‍ॅक्सिलरेटर पुन्हापुन्हा दाबीत राहतो. या उपायाने पुष्कळदा दोष वाढतो.

थंडीत पेट्रोलची वाफ कमी होते. म्हणून चोक हवा रोखून मिश्रण दाट करतो. त्यात पेडल वारंवार दाबल्यास पेट्रोल साचून प्लग भिजतात व ठिणगी पडत नाही.

यासाठी प्रथम स्विच बंद करून प्लग काढून पाहावेत. ते कोरडे असल्यास पेट्रोल पोहोचत नाही असे समजावे आणि टाकी, फिल्टर, पंप व चोकची तार तपासावी. ते पेट्रोलने ओले असल्यास इंजिन ‘फ्लड’ झाले आहे. अशा वेळी प्लग कोरडे करून बसवावेत, चोकची मूठ आत ढकलावी, पेडल तळापर्यंत दाबून धरावे आणि स्टार्टर एका वेळी १० सेकंदांहून अधिक फिरवू नये. जवळपास विडी-काडी पेटवू नये. तरीही इंजिन सुरू न झाल्यास बॅटरी व काँटॅक्ट पॉइंट पाहावेत.

फ्लडिंग वारंवार होत असल्यास फ्लोटच्या सुईखाली कचरा अडकला आहे काय, फ्लोटला छिद्र पडले आहे काय, हे तपासावे. साचलेले पेट्रोल सिलिंडरवरील तेल धुऊन खाली उतरते व इंजिनातील तेल पातळ करते. त्यामुळे बेअरिंगे झिजतात. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आल्यास तेल बदलूनच गाडी बाहेर काढावी. तेलाचा खर्च इंजिनाच्या दुरुस्तीहून पुष्कळच कमी असतो.