खेळ सोडणारे मूल

धारच्या प्रियांशु राजावतने एप्रिल २०२३ मध्ये ऑर्लिअन्स मास्टर्स ही बॅडमिंटन स्पर्धा जिंकली, तेव्हापासून माझ्या देवासच्या दवाखान्यात गुडघा, खांदा, टाच दुखते म्हणून येणारी मुले वाढली. आनंदच वाटला; मैदानावर गेल्याशिवाय टाच दुखत नाही.

त्यांत चौदा वर्षांची एक मुलगी होती. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या उंचवट्यावर बोट ठेवताच ती कळवळली. वाढीच्या वयात मांडीच्या स्नायूचा कंडरा तेथील कोवळ्या कूर्चेला सतत ओढतो आणि सूज येते. आपणा सर्वांच्या परिचयाचा ऑसगूड-श्लाटर. विश्रांती, बर्फ, मांडीचे ताण देण्याचे व्यायाम सांगितले. गुडघा सुधारला. मग पोटदुखी आली, झोप गेली. सर्व तपासण्या निर्दोष. आई म्हणाल्या, "डॉक्टर, निवड आठ दिवसांवर आलीये, ती फिट आहे एवढं लिहून द्या." मी लिहून दिले. तीन महिन्यांनी तिने खेळ सोडला.

वडील एकटेच भेटायला आले. "डॉक्टरसाहेब, हिला परत कसं न्यायचं?" असा त्यांचा प्रश्न होता. तापावर औषध मागावे तसे ते औषध मागत होते. ताप हे लक्षण आहे, निदान नव्हे, हे आपण विद्यार्थिदशेतच शिकतो. खेळ सोडण्यालाही हेच लागू असावे, असे मला त्या दिवशी प्रथम वाटले.

कोल्हापूरचा वीरधवल खाडे २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये सोळाव्या वर्षी पोहला. २०१० मध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचे कांस्यपदक त्याने मिळवले. जलतरणात भारताला १९८६ नंतर प्रथमच आशियाई पदक मिळाले होते. पुढे तो महाराष्ट्र शासनात तहसीलदार झाला आणि ऐन उमेदीची काही वर्षे तलावाऐवजी कचेरीत गेली. २०१८ मध्ये जकार्ता येथे ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्याचे कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले. ती मधली वर्षे पाण्यात गेली असती तर, असे अनेकांना वाटले. पण मराठी मध्यमवर्गीय घरात सरकारी नोकरीला नकार कोण देतो? माझ्या वडिलांनी तर देऊच दिला नसता.

ऑस्ट्रेलियाच्या ॲश बार्टीने टेनिस दोनदा सोडले. २०१४ मध्ये, अठराव्या वर्षी, ती थकून बाजूला झाली आणि काही काळ ब्रिस्बेन हीट संघातून क्रिकेट खेळली. २०१६ मध्ये परतल्यावर तिने २०१९ ची फ्रेंच, २०२१ ची विम्बल्डन आणि २०२२ ची ऑस्ट्रेलियन स्पर्धा जिंकली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, जागतिक क्रमवारीत पहिली असताना, पंचविसाव्या वर्षी ती निवृत्त झाली. पहिल्या वेळी थकवा होता, दुसऱ्या वेळी तृप्ती. वीरधवलच्या बाबतीत प्रश्न चरितार्थाचा होता. तिघांवर एकच औषध चालणार नाही.

माझ्या छोट्या रुग्णाचे कारण मी विचारलेच नव्हते. आठवड्याचे सरावाचे तासही विचारले नव्हते. ते बावीस निघाले. मुलाच्या वयाची जितकी वर्षे, तितक्याच तासांपर्यंत साप्ताहिक सराव असावा, आठवड्यात एक-दोन दिवस सुट्टी आणि वर्षात एकूण दोन-तीन महिने त्या खेळापासून विश्रांती असावी, हे संकेत बालरोगतज्ज्ञांना माहीत असतात. मलाही होते. मुलींच्या बाबतीत पाळी लांबली आहे का, जेवण कमी झाले आहे का, हेही पाहावे लागते. आणि आईवडिलांना दहा मिनिटे बाहेर बसवावे लागते, जे आपल्या गर्दीच्या ओपीडीत सर्वांत अवघड.

मी वडिलांना म्हटले, तिला पाठवा. ती आली. बराच वेळ टेबलावरचा स्टेथोस्कोप न्याहाळत राहिली. मग म्हणाली, "डॉक्टरकाका, मला बॅडमिंटन आवडतं. हरले की घरी जेवताना कुणी बोलत नाही, ते नाही आवडत."

तिची परवानगी घेऊन मी हे वडिलांना सांगितले. ते पुष्कळ वेळ गप्प होते. शेवटी त्यांनी विचारले, "मग रॅकेट विकून टाकू का?"

"राहू द्या घरात," मी म्हणालो, "आणि आज जेवताना तिच्याशी दुसरं काहीतरी बोला."