🔪 भंगारातला पाटा, घरचा कोयता : लोहाराकडे जाण्याआधी वाचा



केळीचा घड उतरवताना कोयता दिवसातून तीनदा दगडावर घासावा लागतो? मग तो बहुधा साध्या पट्टीचा आहे. साध्या लोखंडात कार्बन पाव टक्क्याच्या आसपास. त्याला पाणी दिलं तरी म्हणावा तसा कडकपणा येत नाही.

आपल्याकडचे गाडीलोहार म्हणूनच ट्रक-ट्रॅक्टरच्या कमानीचा जुना पाटा पसंत करतात. त्यात कार्बन अर्धा ते 0.6 टक्का. धार टिकते, आणि घाव बसला तरी पातं तुटत नाही.

*भंगार निवडताना*
पाट्याला बारीक तडा आहे का बघा. मधल्या बोल्टच्या भोकाजवळचा तुकडा वापरू नका. जुनी कानस (कार्बन 1 टक्क्याच्या वर) सुरीला झकास, पण कोयत्याला ठिसूळ. तिचे दाते आधी पूर्ण घासून काढा, नाहीतर तडा तिथूनच सुरू होतो. वर्कशॉपच्या पॉवर हॅक्सॉचं जाड पातं भट्टीत घालूच नका. त्याला पाणी द्यायला 1200 अंशांच्या आसपास तापमान लागतं, ते गावच्या भात्यावर सांभाळणं अवघड. थंडच घासून आकार द्या, मूठ बसवा, झाली सुरी. गॅल्व्हनाइज्ड पाइप-पत्रा भट्टीत नको, जस्ताच्या धुराने ताप भरतो.

खात्री नसेल तर बोटभर तुकडा कापून लाल करा. चुंबक चिकटेनासं झालं (साधारण 770 अंश) की थोडं आणखी तापवून तेलात बुडवा. गार झाल्यावर कानस फिरवा. घसरली तर माल चांगला, चावली तर परत भंगारात.

*पाणी देणे*
नाव पाणी असलं तरी पाट्याला तेल बरं. पाण्यात एकदम गार होऊन तडकतो. तेल जरा कोमट करून घ्या. ते पेट घेऊ शकतं, म्हणून झाकण आणि वाळू जवळ ठेवा. पेटलं तर पाणी अजिबात ओतू नका.

आता खरी गोष्ट. तेलातून काढलेलं पातं काचेसारखं ठिसूळ असतं. घाईत कुणी तसंच मूठ बसवून देतो. मग खोडावर घाव घालताना धारेचा कपचा उडतो आणि समोर उभ्या माणसाच्या डोळ्यात जाऊ शकतो. म्हणून पातं घासून पांढरं करायचं आणि पाठीकडून हळूहळू शेकायचं. रंग चढत जातात : गवती पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा. सुरीची धार पिवळ्यावर थांबवा, कोयत्याची तपकिरी-जांभळ्यावर. पाठ निळी झाली तरी चालते, उलट बरीच. लोहारदादांना हे ठाऊक असतं, फक्त आपण घाई करू नये. तासभर बसा, चहा सांगा.

*घरी आणल्यावर*
ग्राइंडरवर धार लावताना पातं सारखं पाण्यात बुडवत राहा. धार निळी पडली की पाणी उतरलं समजा. तेवढा भाग घासून काढावा लागतो. चष्मा घाला. काम झालं की केळीचा चीक पुसून तेलाचा हात फिरवा.

पाटा ओळखता येत नसेल तर फोटो आणि ठिणग्यांचा छोटा व्हिडिओ याच नंबरवर टाका.