गाजर गवत : नाव एक, कुल दुसरे

पावसाळ्यात लातूर व नांदेड जिल्ह्यांतील रस्त्यांच्या कडा, पडीक जमिनी आणि शाळांची आवारे बारीक पांढऱ्या फुलांच्या एका तणाने भरून जातात. लोक त्यास गाजर गवत, काँग्रेस गवत किंवा चटक चांदणी म्हणतात. पाने गाजराच्या पानांसारखी कातरलेली असल्याने पहिले नाव रूढ झाले. परंतु ही वनस्पती गाजराच्या कुलातील नाही आणि गवत तर नाहीच.

स्वीडिश शास्त्रज्ञ कार्ल लिनीअस यांनी १७५३ साली तिचे 'पार्थेनियम हिस्टेरोफोरस' असे द्विपद नामकरण केले. यातील पहिले पद प्रजातीचे, दुसरे जातीचे होय. मूळची उष्ण अमेरिकेतील ही जाती भारतात १९५५ च्या सुमारास पुणे येथे प्रथम लक्षात आली. याच प्रजातीतील ग्वायूल या मेक्सिकोतील झुडपापासून मात्र रबर मिळते.

वर्गीकरणाचा आधार फुलात आहे. एक फूल भासते तो वस्तुतः अनेक पुष्पकांचा गुच्छ असतो. कडेच्या पाच पुष्पकांपासून प्रत्येकी एक बी तयार होते. मधली पुष्पके केवळ पराग देतात. असेच गुच्छ सूर्यफूल, करडई, कारळा आणि झेंडू यांतही आढळतात. म्हणून या सर्वांचा समावेश सूर्यफूल कुलात होतो. त्यातही गाजर गवत सूर्यफुलाचे जवळचे आप्त आहे.

हे नाते शेतीच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. केवळ गवतवर्गीय तणांसाठी असलेले औषध गाजर गवतावर निरुपयोगी ठरते. रुंद पानांच्या तणांचे औषध शेजारच्या सूर्यफुलासही मारक ठरू शकते. मेक्सिकोतून आणलेले झायगोग्रामा भुंगेरे १९८४ साली बंगळूर परिसरात सोडण्यात आले. ते गाजर गवताची पाने खातात. पुढे काही भुंगेरे सूर्यफुलावर दिसल्याने या उपायाविषयीच शंका उत्पन्न झाली. पानांवर पडलेले गाजर गवताचे पराग हे त्याचे कारण असून सूर्यफूल हे त्यांचे खरे खाद्य नव्हे, असे अभ्यासांती दिसून आले.

शिक्षकांनी भिंगाखाली ही पाच पुष्पके विद्यार्थ्यांस दाखवावीत. मात्र या वनस्पतीने त्वचेस व श्वसनास त्रास होतो, म्हणून उघड्या हाताने ती हाताळू नये. ग्रामपंचायतींनी फुलोऱ्यापूर्वीच, हातमोजे वापरून, ती मुळासकट उपटवावी. तणाची खरी ओळख पटली, तरच त्यावर योजलेला उपाय योग्य ठरतो.